लिंबाखालची झोळी

सवतीशी भांडायला निदान दार असतं. तिच्या उंबऱ्यात उभं राहून चार शब्द सुनावता येतात, तिच्या भाजीला नावं ठेवता येतात. माझी सवत होती सरकार. आता सरकारच्या कुठल्या दारात जाऊन ओरडायचं? म्हणून त्या हिवाळ्यात मी घरातल्या घरात जळत राहिले, आणि त्याची धग आमच्या ह्यांना, गड्याला, दुधावर टपलेल्या मांजरालासुद्धा लागली.

नव्वदनंतरची ही गोष्ट. राहात्याच्या बाहेर कालव्याच्या पाण्यावर आमची पेरूची बाग होती. हे साखर कारखान्यात उसाच्या वजनकाट्यावर कारकून, त्यामुळे बाग म्हणजे मीच. छाटणी, फवारणी, पाण्याची पाळी, व्यापाऱ्याशी घासाघीस, सगळं माझ्याकडे. ह्यांचा पेरूशी संबंध एवढाच, की मी चिरून मीठ-मिरची लावून दिला तर हे खायचे.

तोडणीला बायका यायच्या वरच्या अंगाच्या एका कोरडवाहू गावातून. तिकडे कालव्याचं पाणी पोचत नाही, पाऊस झाला तर बाजरी, नाही तर काहीच नाही. सकाळी आमच्या ओळखीचा टेम्पोवाला त्यांना भरून आणायचा, दिवेलागणीच्या आत सोडून यायचा. त्यांची पुढारीण एक तिशीतली बाई. कागदोपत्री ती कुणीच नव्हती, पण बाकीच्या तिच्या शब्दाबाहेर जात नसत, म्हणून आम्ही तिला मुकादमीण म्हणायचो. ख्रिस्ती होती. नाताळला न चुकता पदराखाली झाकून फराळाचं ताट आणायची.

तिचा हातगुण मोठा होता. म्हणजे असं मी तरी मानायचे. पहिल्या वर्षी ती आली तेव्हा सहज तिच्या हातून पहिला पेरू तुटला आणि त्या वर्षी बाजार असा लागला, की मी ओसरीला फरशी बसवली. पुढे एका वर्षी तिला ताप आला, पहिला हात दुसऱ्याच बाईचा लागला, आणि आठवडा उलटायच्या आत गारा. झालं! तेव्हापासून मी ठरवून टाकलं. विहिरीजवळच्या झाडापाशी मी नारळ फोडायचे, मुकादमीण पहिली फळं तोडायची, देठाला एकेक पान ठेवून माझ्या ओटीत टाकायची, आणि मगच बाकीच्या बायका झाडांना शिवायच्या. ती नारळाला हात लावायची नाही, मी तिच्या गळ्यातल्या क्रुसाला. पण पेरू दोघींचा होता.

ज्या हिवाळ्याची ही गोष्ट, त्याच्या आदल्या हंगामात ती कडेवर दोन महिन्यांची पोर घेऊन आली. म्हणाली, वैनी, झोळी बांधू का वसरीला? मी म्हटलं बांध की. बांध म्हणायला माझं काय जात होतं? पण आई बागेच्या त्या टोकाला आणि पोर इथे, मग रडली की झोका द्यायला घरात मीच. माझे दोन्ही मुलगे नगरला शिकायला, घर नुसतं खायला उठायचं. पुढे खुरपणीलाही तीच टोळी यायची, त्यामुळे ती पोर वर्षभर माझ्या ओसरीवरच वाढली म्हणा ना. तिचा पहिला दात मी पाहिला. ती पहिल्यांदा उभी राहिली ती माझ्या लुगड्याचा काठ धरून. तिच्या आईला मी ते संध्याकाळी सांगितलं, आणि खरं सांगते, सांगताना मला जरा मिरवल्यासारखंच वाटलं.

बायकांना मी काय कमी करत होते? दुपारी चहा, भाकरीबरोबर कालवण, दिवाळीला जुनी पण धडकी लुगडी, कुणाला ताप आला तर गोळी. चहाचे कप त्यांचे वेगळे होते, बाहेरच्या कोनाड्यात पालथे घातलेले असायचे. पण चहा तोच होता. साखरसुद्धा तीच, कारखान्याची.

तर त्या वर्षी वरच्या गावांत पावसाने दडी मारली. आमच्याकडे कालव्याचं पाणी होतं, पेरू असा लगडला होता की फांद्यांना टेकू लावायला लागले. मी मुहूर्त काढला, नारळ आणला, फरशीची ओसरी सारवायची नव्हती तरी पुसून लख्ख केली, आणि बागेच्या तोंडाशी असलेल्या जांभळाच्या फांदीला नवी झोळी बांधून ठेवली. माझ्याच मऊ झालेल्या लुगड्याची. पोर आता चालायला लागली असणार, ती झोळीत कशाला बसते, हे मला कळत होतं. तरी बांधली.

सकाळी टेम्पो आला तो रिकामा.

टेम्पोवाला खाली उतरला, टोपी काढून डोकं खाजवलं आणि म्हणाला, बाया येत नाहीत, सरकारनं गावातच पाझर तलाव काढलाय. रोजगार हमी. चालत जायचं, चालत यायचं. मी म्हटलं, पैसे किती देतात? त्याने सांगितलं. माझ्यापेक्षा कमी! खणलेल्या मातीच्या मापावर मजुरी, हातात पडणार ती आठवड्याने. मला वाटलं बरं झालं, चार दिवसांत कंटाळतील. तर हा शहाणा पुढे म्हणतो, "तिथं सावली केलीय वहिनी, पाण्याचा पिंप ठेवलाय, औषधाची पेटी हाय. आन् ल्हान पोरं सांभाळायला येक बाई ठिवलीय, तिला नुस्तं बसायची मजुरी."

बसायची मजुरी! मी विचारलं, कोण ती भाग्यवान? तेव्हा त्याने जे सांगितलं त्याने माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ती होती गुडघेवाली म्हातारी. पूर्वी ती याच टोळीत यायची. मग तिचे गुडघे सुजले, टोपली उचलेना, झाडाखाली बसून नुसती बायकांना गोष्टी सांगायची. मी तिला सरळ सांगितलं होतं, आजी, आता घरी राहा, इथे काही धर्मशाळा नाही. त्यात मला काही चुकलं असं वाटलं नव्हतं. बाग चालवायची म्हणजे मन घट्ट करावं लागतं. आणि आता ती म्हातारी सरकारच्या पगारावर माझ्या... म्हणजे मुकादमिणीच्या पोरीला झोके देत बसली होती.

त्याच संध्याकाळी आजूबाजूचे बागवाले आमच्या ओट्यावर जमले. सगळ्यांचेच टेम्पो रिकामे आले होते. त्यांत मी एकटी बाई, पण बाग माझी म्हणून मला मान होता, आणि चहाही माझाच होता. काय काय बोलले ते लोक! एक म्हणाला, सरकारनं मजूर आळशी करून ठेवला. दुसरा म्हणाला, पूर्वी बाया दारात येऊन काम मागायच्या, आता आपण त्यांच्या दारात जायचं का? सगळ्यांत मोठी बाग ज्यांची, ते मिशाळ गृहस्थ म्हणाले, आज पाळणा दिला, उद्या पेन्शन देतील, परवा आपल्यालाच खुरपं धरावं लागेल. मी मान डोलावत होते. नुसती डोलावत नव्हते, भर घालत होते. लोकांच्या पैशावर पाळणे हलवायला काय जातंय, आयत्या बिळावर नागोबा, असं मी म्हटलं आणि सगळे हसले.

आमचे हे एका कोपऱ्यात पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, "कारखान्यात माझा फंड कापतात, तितकाच ते घालतात. गेल्या साली माझं ऑपरेशन झालं, तेही बिल कारखान्याने दिलं. मी किती आळशी झालो गं?"

मी म्हटलं, ती गोष्ट वेगळी.

"आणि विहिरीपलीकडची नवी बाग? तिचे खड्डे याच रोजगार हमीच्या पैशांतून निघाले. खणले कुणी? तुझ्या मुकादमिणीनेच."

ती गोष्टही वेगळी होती. ती फळबागेची योजना होती, तिला अर्ज करावा लागला होता, साहेबाला दोनदा जेवायला घालावं लागलं होतं. हे हसले आणि पेपरात परत तोंड घातलं. ह्या माणसाला वाद घालायचा नसतो, नुसती काडी टाकायची असते.

शेवटी मिशाळांनी तोड काढली. पुढाऱ्याकडे जायचं आणि तोडणी संपेपर्यंत तलावाचं काम बंद ठेवायला लावायचं. सरकारी काम, थोडं पुढे ढकललं तर कुणाचं काय अडतं? येत्या सोमवारी जीप काढायची ठरली. एक बाई बरोबर असली तर वजन पडतं, म्हणून मीही यायचं, असं सगळ्यांच्या मते ठरलं. मी हो म्हटलं.

इकडे पेरू पिकायला लागले. शेजारच्या बागेत कुठूनकुठून माणसं गोळा करून तोडणी सुरूही झाली. मला गडी म्हणाला, वस्तीवरच्या दोन बायका मिळतायत, सुरू करू का? मी म्हटलं, खबरदार! पहिला हात तिचाच लागला पाहिजे. लोक म्हणाले, बाई खुळावली. हिरवा पेरू पोपटी झाला, पोपटी पिवळा झाला, वासाने घरात बसवेना, आणि पोपटांचे थवे भल्या सकाळी जेवायला हजर. ह्यांनी एका सकाळी खिडकीतून पाहिलं आणि म्हणाले, राघूंनी तोडणी केलीय, आता कसला मुहूर्त उरलाय. मी त्या दिवशी ह्यांना डब्यात नुसता पेरूच दिला.

पण शेवटी राहवेना. रविवारी दुपारी मी टेम्पोवाल्याला म्हटलं, चल, मला तिकडे ने. बरोबर चांगल्या मोठ्या पेरूंची पिशवी घेतली. ह्यांना सांगितलं बाजारात जाते. हे म्हणाले, रविवारी कुठला बाजार? मी टेम्पोत जाऊन बसले.

माळावर लांबूनच बायकांची रांग दिसली. डोक्यावर पाट्या, एक जात होती, एक येत होती, मातीचा भराव हळूहळू वर चढत होता. मला आपलं वाटत होतं की बायका उन्हात करपलेल्या, रडकुंडीला आलेल्या असतील. तशा त्या नव्हत्या. दमलेल्या होत्या, पण गप्पा चालल्या होत्या. बाजूला एक मोठा कडुलिंब, त्याला गोणपाटाची सावली वाढवलेली. खाली पाण्याचा पिंप आणि एकच पेला, जो येईल तो त्यातून प्यायचा. आणि लिंबाच्या फांदीला ओळीने झोळ्या. मधोमध पाय पसरून बसलेली ती गुडघेवाली म्हातारी, एका हाताने एक दोरी, पायाच्या अंगठ्याला दुसरी. राणीसारखी बसली होती. बाई गं, काय जळले मी!

म्हाताऱ्या माणसाने मला पाहून म्हणावं तरी काय? म्हणाली, "या वैनी, बसा सावलीला. हितं धर्मशाळाच हाय."

विसरली नव्हती तर. मी ऐकलं न ऐकल्यासारखं करून पोरीला शोधलं. ती म्हातारीच्या पाठीमागे एका डब्यात खडे भरत होती. मी हाक मारली. तिने पाहिलं. ओळखलं की नाही कोण जाणे. मी एक पेरू पुढे केला, ती दुडदुडत आली, पेरू घेतला आणि तशीच वळून म्हातारीच्या हातात नेऊन दिला. म्हातारीने तो दाताने फोडला आणि तुकडा तिच्या तोंडात घातला. माझ्या पेरूचा तुकडा, माझ्यासमोर! मी तोंडाला पदर लावला. धुळीसाठी लावलाय असं दिसावं म्हणून खोकलेसुद्धा.

मुकादमीण पाटी ठेवून आली. कमरेपासून खाली मातीने भरलेली, पण चेहरा हसरा. तिने पाटी पालथी घालून मला बसायला दिली. मी आधी पिकलेल्या बागेचं सांगितलं, राघूंचं सांगितलं, तिच्या हाताशिवाय मी तोडणी धरली नाही हे सांगितलं. तिला ते ऐकून बरं वाटलं असावं. मग मी म्हटलं, मजुरी वाढवते. सावली करते. जांभळाला झोळी बांधून ठेवलीच आहे, पोरीकडे मी स्वतः बघते, आजवर बघत आलेच आहे. आणखी काय पाहिजे तुला?

तिने पदराने हात पुसले. मग म्हणाली, "वैनी, तुमी लई केलं. न्हाई कसं म्हनू? माज्या पोरीला तुमी जेवढं बघितलं तेवढं सासूनं बघितलं न्हाई."

"मग?"

"ही म्हातारी दुपारची पेंगती. पोर रडती. मंग मी तितनंच तिला शिव्या घालती, का गं ये, पगार कशाचा घेतीस? ती उठती, झोका देती." मग माझ्याकडे सरळ पाहून म्हणाली, "तुमच्या वसरीवर पोर रडली तर म्या काय करायचं? गेल्या साली रडायची की. मला बागंतनं आवाज यायचा. तुमी सयपाकात असायच्या. तवा तुमाला मी काय म्हनू शकत हुते?"

पोर रडायची? मला तर आठवत होतं की मी सारखी झोके देत होते. ती पुढे काही रागाने बोलली नाही. एवढंच म्हणाली, की इथे कुणाचं तोंड बघावं लागत नाही. मग कामावरच्या मुकादमाची शिट्टी झाली आणि ती पाटी घेऊन गेली, म्हणजे माझ्याखालची पाटी तिने मागितली आणि मी उठले.

परतीच्या वाटेवर टेम्पोवाला काहीबाही बोलत होता, मी नुसती हूं हूं करत होते. खाल्ल्या मिठाला जागत नाहीत, गरज सरो वैद्य मरो, असं मनात सगळं म्हणून झालं. पण म्हणता म्हणता त्या म्हातारीच्या अंगठ्याची दोरी डोळ्यांपुढे यायची. मी फुकट झोके दिले त्याला किंमत नाही, आणि ती पगार घेऊन पेंगते तिला एवढा मान! दुसऱ्या कुणाचं नाही, मला त्या पेंगणाऱ्या म्हातारीचं पोटात दुखत होतं. तिला शिवी देता येते, म्हणून ती जवळची. आणि मी?

सोमवारी सकाळी जीप आमच्या दारात येऊन हॉर्न वाजवायला लागली. मिशाळ पुढे बसले होते, परीटघडीचे कपडे, खिशाला पेन. मी अंगणात आले आणि म्हटलं, मी येत नाही. त्यांना वाटलं तब्येत बरी नाही. मी म्हटलं, तब्येतीला काय धाड भरलीय, मला यायचं नाही. मग बाकीचेही उतरले. एकाने विचारलं, बाग कुजवायचीय का? दुसरा म्हणाला, काम बंद पडलं की बाया झक मारत तुमच्याच दारात येतील, वहिनी.

तेच मला नको होतं. कुणी समजू नये की मला अचानक त्या बायकांची दया आली, किंवा तलाव व्हावा असं वाटायला लागलं. तसलं काही नाही. मला ती हवी होती, पण सरकारने दार लावलं म्हणून आलेली नको होती. उद्या ती माझ्या ओसरीवर येऊन खाली मान घालून उभी राहील, आणि दिवसभर तिच्या मनात तो लिंब असेल. असल्या येण्याला काय चाटायचंय? मी त्यांना एवढंच म्हटलं, की तिला यायचं तर तिच्या पायांनी येईल, तुमच्या जीपने आणलेली मला नको.

मिशाळ म्हणाले, शेवटी बाईमाणूस. जीप धूळ उडवत निघून गेली. हे दारात दाढीचा साबण तोंडाला लावून उभे होते, म्हणाले, "म्हणजे सवतीने हाकलली तर घरात घ्यायची नाही, स्वतःहून आली तर घ्यायची. बरोबर?" मी म्हटलं, कामावर जायला उशीर होतोय.

जीपवाल्यांना पुढाऱ्याने चहा पाजला, तुमच्या भावना वर कळवतो म्हणाला आणि वाटेला लावलं. काम काही बंद पडलं नाही. पण माझ्याशी त्या लोकांनी बरेच दिवस बोलणं टाकलं, आणि माझ्या बागेत रोज सकाळी पेरूंचा सडा पडायचा. मी गड्याला म्हटलं, अजून थोडं थांबू. का थांबायचं ते मलाही सांगता आलं नसतं.

मग बाजारचा दिवस आला. त्या दिवशी तलावाच्या कामाला सुट्टी असायची. मी गोठ्यात होते, तर टेम्पोचा आवाज. बाहेर येऊन बघते तो मुकादमीण उतरत होती, मागे टोळीतल्या निम्म्या बायका, आणि कडेवर ती पोर.

ती ओसरीपाशी आली. नमस्कार चमत्कार काही नाही. बागेकडे बघून म्हणाली, "काय ही दशा केलीय वं बागंची. माजा हात लागल्याबिगर तोडायची न्हाई म्हंजे काय शास्तर हाय का?" मग म्हणाली, आज सुट्टी आहे म्हणून आलो, उद्या परत तलावावर. दर सुट्टीला येऊ, जमेल तेवढं तोडू, मजुरी त्या दिवशी बोललात ती. मी सगळ्याला हो म्हणत गेले.

"आन् पोरीकडं कोन बघनार?"

"मी," मी म्हटलं.

"बगा बरं का. आता ती चालती," असं म्हणून तिने पोर माझ्याकडे दिली. दिली म्हणजे कशी, तर टेम्पोवाल्याकडे टोपल्या मोजून द्याव्यात तशी.

विहिरीजवळ मी नारळ फोडला. तिने पहिली फळं तोडली, पानासकट माझ्या ओटीत टाकली. मला इतका आनंद झाला की काय सांगू! सगळ्या बायका झाडांत पांगल्या, फांद्या खालीवर व्हायला लागल्या, टोपल्या भरायला लागल्या. पोरीला मी जांभळाखाली बसवलं, हातात पेरू दिला, आणि उभी राहून बघत राहिले. मग दोन पावलं पुढे गेले. एका बाईला सांगितलं देठाला पान ठेव. एकीची टोपली हलवून बघितली. किती दिवसांनी माझी बाग माझ्यासारखी दिसत होती.

"वैनी!"

असा आवाज त्या बागेत कधी झाला नव्हता. मुकादमीण शिडीवर होती, तिथूनच ओरडली होती. "ध्यान कुटं हाय तुमचं? पोर पाटाकडं निघाली! बघते म्हनला ना? मंग बगा की नीट!"

मी वळून धावले. पोर पाटाच्या काठावर उकिडवी बसून पाण्यात पेरू बुडवत होती. पाट भरून वाहत होता. मी तिला खसकन उचललं, तशी ती रडायला लागली. बागेत सगळ्या बायकांचे हात थांबले होते. गडी विहिरीच्या मोटारीपाशी उभा, तो माझ्या तोंडाकडे बघायला लागला. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्याच रानात, माझ्याच माणसांसमोर मला असं कुणी बोललं नव्हतं. सासूबाईंनीसुद्धा नाही. जिभेवर काय काय आलं. कोण समजतेस तू स्वतःला, इथपासून सगळं आलं.

मी शिडीकडे पाहिलं. ती तशीच उभी होती, एका हाताने फांदी धरून. चुकलं वैनी, असं म्हणेल म्हणून मी जरा थांबले. ती म्हणाली नाही. ती माझ्या उत्तराची वाट बघत होती.

"बघते," मी म्हटलं.

तिने मान हलवली आणि परत पेरू तोडायला लागली. बाकीच्याही लागल्या.

मी पोरीला घेऊन जांभळाखाली बसले, बागेकडे पाठ करून. मागे फांद्या वाजत होत्या, बायका हसत होत्या, टोपल्या टेम्पोकडे जात होत्या, कुणी पान ठेवतंय की नाही कोण जाणे. मी वळून पाहिलं नाही. पोर आधी हुंदके देत होती, मग माझ्या काठाशी खेळली, मग डोळे चोळायला लागली. झोळीत घालायला गेले तर पाय झाडले. शेवटी मांडीवरच झोपली.

चहाची वेळ झाली. मला उठता येईना. मी तिथूनच मुकादमिणीला सांगितलं, की चुलीवर आधण ठेव, साखर डाव्या हाताच्या डब्यात आहे. ती हात धुऊन स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा आवाज आला. थोड्या वेळाने बायकांमध्ये चहा फिरायला लागला आणि तिने माझ्याही हाताशी एक कप आणून ठेवला. तो बाहेरच्या कोनाड्यातला होता. घरातले सगळे कप बायकांच्या हातात गेले होते, माझ्यासाठी तोच उरला असावा. तिने मुद्दाम केलं असेल असं मला वाटत नाही. तिला घाई होती.

मी त्या कपातून चहा प्यायले. पोरीचा घाम माझ्या दंडाला लागत होता, तोंडाला पेरूचा वास. उद्या सकाळी ही त्या म्हातारीच्या मांडीवर असेल, असं मनात आलं आणि मला पुन्हा जळायला लागलं. पायाला मुंग्या आल्या होत्या, तरी मी मांडी हलवली नाही.